गुडघाभर पाण्यातलं सोनं

बोर्नमथला लोक तीन गोष्टींसाठी येतात. ऊन खायला, फिश अँड चिप्स खायला, आणि आपण काहीतरी हरवून बसलोय हे घरी गेल्यावर कळायला. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे गाव, लंडनच्या वॉटरलू स्टेशनवरून ट्रेनने साधारण दोन तासांवर. सलग सोनेरी वाळू, मध्येमध्ये समुद्रात शिरलेले लाकडी बांध (त्यांना इथे ‘ग्रॉइन’ म्हणतात), एक पिअर, आणि ऑगस्टच्या रविवारी दादरच्या प्लॅटफॉर्मची आठवण यावी इतकी गर्दी. एवढी माणसं पाण्यात शिरली की काहीतरी पडणारच. किल्ल्या, नाणी, गॉगल, कानातली. आणि अंगठ्या. अंगठ्या तर हमखास, कारण थंड पाण्यात बोटं आक्रसतात. ऐन उन्हाळ्यातही इथलं पाणी आपल्या दृष्टीने गारच. दुकानात घट्ट बसलेली अंगठी कमरेएवढ्या पाण्यात दहा मिनिटं खेळल्यावर लोण्यासारखी सुटते.

मग संध्याकाळ झाली, गर्दी ओसरली की दुसरी मंडळी उतरतात. कानाला हेडफोन, एका हातात काठीच्या टोकाला थाळी लावल्यासारखं यंत्र, दुसऱ्या हातात लांब दांड्याची जाळीदार बादली. गुडघाभर पाण्यातून इतक्या सावकाश चालतात की वाटावं, योगासनं चालली आहेत. हे मेटल डिटेक्टिंगवाले. आणि हा छंद आपण समजतो तितका म्हाताऱ्यांचा नाही, बरं का! सॉलिड हटके आहे, उन्हात जिमपेक्षा जास्त घाम काढतो, आणि कधीकधी पैसेही परत देतो. (कधीकधीच.)

मी साउदम्प्टनला प्रोजेक्टवर होतो तेव्हा यात पडलो. निमित्त माझ्या एका सांगलीच्या मित्राच्या अंगठीचं. साखरपुड्यात सासऱ्यांनी घातलेली, बावीस कॅरेट, सहा ग्रॅम. भरतीच्या वेळी कमरेभर पाण्यात बॉल खेळताना गेली. गडी पाण्याबाहेर आला तेव्हा चेहरा असा, की आधी वाटलं काहीतरी चावलं. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. सासरे रिटायर झालेले शिक्षक, अंगठीसाठी त्यांनी पीएफमधून पैसे काढलेले, आणि दिवाळीत ते दोघं घरी जाणार होते. म्हणजे हातात दोन महिने.

त्या क्षणी मित्राने एक काम मात्र झकास केलं, आणि तुमच्यावर ही वेळ आली तर तुम्हीही तेच करा. जागचा हलला नाही. उभा राहिला तिथूनच किनाऱ्याकडे बघून दोन खुणा एका ओळीत पकडल्या: वाळूवरचा एक बांध आणि त्याच्या बरोबर मागे कड्यावरच्या हॉटेलची चिमणी. मग बाजूला वळून दुसरी जोडी: पिअरचं टोक आणि त्याच्या मागचा दीपस्तंभासारखा खांब. दोन ओळी जिथे एकमेकींना छेदतात, तिथे अंगठी. आपले कोळी बांधव समुद्रात मासेमारीची जागा नेमकी अशीच लक्षात ठेवतात. मोबाइलचं जीपीएस पाच-सात मीटर इकडेतिकडे करतं, आणि तो पाण्यात कुणी नेत नाही. चिमणी कुठे जात नाही.

यंत्र घेताना

आता मुख्य मुद्दा. नवशिक्या माणसाने काय घ्यावं? दुकानात गेलात की पहिला प्रश्न किमतीचा नको, पाण्याचा हवा. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द फार लबाड आहे. स्वस्तातल्या बऱ्याच यंत्रांची फक्त खालची थाळी, म्हणजे कॉइल, पाण्यात चालते. वरचा डबा, ज्यात स्क्रीन आणि बॅटरी, तो भिजला की संपला. मिनलॅबची व्हॅन्क्विश ही सीरिज अशी आहे. यंत्र चांगलं, पण पाण्यात गुडघ्यापलीकडे गेलात आणि एक लाट जरा उंच आली की रामराम. पाण्यासाठी घ्यायचं तर अख्खं यंत्र बुडालं तरी चालेल असंच घ्या. नोक्ता लेजंड तीन मीटरपर्यंत चालतं, मिनलॅबची इक्विनॉक्स ७०० आणि ९०० पाच मीटरपर्यंत. आपल्याला एक मीटर पुरे, पण उरलेले मीटर मनःशांतीसाठी.

दुसरा प्रश्न मिठाचा. डिटेक्टर कसा चालतो ते दोन वाक्यांत: कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र खाली जातं, धातूत त्यामुळे छोटे विद्युतप्रवाह भोवऱ्यासारखे फिरतात, आणि त्या प्रवाहांचं उलट क्षेत्र यंत्र ऐकतं. गंमत अशी की खारं पाणीही वीज वाहून नेतं. म्हणजे यंत्राला अख्खा समुद्रच किंचित धातूसारखा ‘ऐकू’ येतो. साधं एकाच फ्रिक्वेन्सीचं यंत्र ओल्या खाऱ्या वाळूवर नेलं की ते कोकलायला लागतं, आणि ते गप्प करायला सेन्सिटिव्हिटी इतकी खाली आणावी लागते की सोनंही गप्प होतं. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर काम करणारी यंत्रं मिठाचा आवाज वजा करतात. म्हणून समुद्रासाठी ‘मल्टी-फ्रिक्वेन्सी’ हवं. नोक्ताचं सिम्प्लेक्स अल्ट्रा पाच मीटर पाण्यात चालतं, किमतीलाही हलकं, पण ते एकाच फ्रिक्वेन्सीचं. तलावाकाठी, नदीकाठी ते राजा. समुद्रात मात्र जरा दमतं.

तिसरा प्रकार पल्स इंडक्शनचा. हे मिठाला फारसं भीक घालत नाही आणि खोलवर जातं, पण लोखंडाचा खिळा आणि सोन्याची अंगठी यांतला फरक सांगण्यात अगदी कच्चं. दिवसभर खिळे, झाकणं आणि हूक उपसायची तयारी असेल तर घ्या. पहिलंच यंत्र म्हणून माझ्या मते नको.

किंमत? समुद्राला झेपेल असं यंत्र बऱ्यापैकी स्मार्टफोनच्या किमतीत येतं. काही दुकानं भाड्यानेही देतात. आम्ही तेच केलं. एका अंगठीसाठी यंत्र विकत घ्यायचं म्हणजे दुधासाठी म्हैस बांधण्यासारखं.

हेडफोनबद्दल एक. ब्लूटूथ किंवा वायरलेस हेडफोन पाण्यावर मस्त चालतात, पण यंत्राचा डबा पाण्याखाली गेला की रेडिओ लहरी तिथेच विरतात आणि कानात शांतता. लाटांच्या आवाजात स्पीकर ऐकू येत नाही. म्हणून वायरवाले वॉटरप्रूफ हेडफोन. दिसायला बावळट, पण कामाचे.

बादली, बूट आणि एक दुष्ट मासा

सगळे यंत्रावर पैसे उडवतात आणि स्कूपवर कंजुषी करतात. पाण्यात उलटं असतं. यंत्र सांगतं ‘इथे काहीतरी आहे’; पण ते वर काढतो स्कूप. प्लॅस्टिकचा छोटा स्कूप कोरड्या वाळूत ठीक, पाण्यात खेळणं. हवा स्टेनलेस स्टीलचा, लांब दांड्याचा, पाठीमागे पाय ठेवून दाबता येईल असा. भोकं साधारण दहा-बारा मिलिमीटरची: वाळू आणि शिंपल्यांचा चुरा निसटतो, अंगठी राहते. भोकं मोठी असली तर बारीक कानातली गेली समजा.

बीचवर भेटलेल्या एका इंग्लिश आजोबांनी आम्हाला त्यांचा जुना स्कूप चक्क दिवसभरासाठी देऊन टाकला. नाव-गाव न विचारता. वर एक युक्ती सांगितली: सिग्नल मिळाला की पावलाचा अंगठा कॉइलच्या मध्याशी न्यायचा, कॉइल बाजूला करायची, आणि स्कूप अंगठ्याच्या पुढे रोवायचा. पाणी गढूळ असलं तरी पाऊल जागा विसरत नाही. सोबत तरंगती चाळणी असेल तर उत्तमच: प्लॅस्टिकच्या जाळीभोवती पोहायच्या फोमची नळी बांधा, कमरेला दोरीने अडकवा, झालं. वर आलेला माल तिच्यात ओतायचा आणि हलवायचं. पोहे चाळल्यासारखं.

पिनपॉइंटर म्हणजे हातात धरायचं गाजराएवढं छोटं डिटेक्टर. जमिनीवर ते लागतंच. पाण्यात चांगला स्कूप असेल तर पहिल्या महिन्यात त्याच्याविना भागतं. सापडलेल्या वस्तूंसाठी चेनवाली जाळीची पिशवी मात्र घ्याच, कमरेला बांधलेली. खिशात ठेवलेली वस्तू पुन्हा समुद्रात जाते. समुद्राला सवय असते.

कपड्यांचं म्हणाल तर थंडीत अनेकजण छातीपर्यंतचे वेडर्स घालतात. कोरडं राहायला छान. पण पाय घसरून पडलात आणि ते पाण्याने भरले की उभं राहणं महाकठीण. घातलेच तर कमरेला पट्टा आवळून, आणि मांडीच्या वर पाण्यात जायचं नाही. मला विचाराल तर तीन किंवा पाच मिलिमीटरचा वेटसूट बरा. ओले होता, पण तरंगता.

आणि बूट! अनवाणी जाऊ नका. इथल्या उथळ वाळूत वीव्हर नावाचा बोटभर ते वीतभर मासा स्वतःला पुरून घेऊन पडलेला असतो, पाठीवरचे विषारी काटे वर करून. पाय पडला तर ब्रह्मांड आठवतं. उपाय साधा आहे: काटा काढायचा आणि पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवायचा, उष्णतेने वेदना उतरते. लाइफगार्ड गरम पाण्याची सोय करतात. पण निओप्रीनचे जाड तळव्याचे बूट घातले की मुळात तिथवर जायची वेळ सहसा येत नाही. हातमोजेही घ्या. वाळूत सोनं कमी आणि फुटक्या बाटल्या, गळाचे हूक जास्त.

उधाण आणि भांग

कोकणातल्या कुणालाही हे सांगायला नको: अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची. भांगाला पाणी फार चढतही नाही, फार उतरतही नाही. बोर्नमथला तर मुळातच भरती-ओहोटीतला फरक कमी, उधाणालाही दीड-दोन मीटरच्या आत. त्यामुळे ओहोटीलाही वाळूची उघडी पट्टी अरुंद राहते, आणि म्हणूनच इथे पाण्यात शिरायची साधनं लागतात. आम्ही पहिल्या शनिवारी गेलो तो नेमका भांगाचा. कमरेभर पाणी उतरून गुडघाभर झालं, एवढंच.

दोन चौकटी आखल्या. चार काठ्या, त्यांना दोरी, दहा बाय दहा मीटर. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, मग एक पाऊल सरकून परत. शेतात नांगर चालवल्यासारखं. कॉइल वाळूला जवळजवळ टेकलेली आणि प्रत्येक झोका आधीच्यावर थोडा चढणारा. डिटेक्टिंगमध्ये वेग हा गुन्हा आहे.

आणि इथे या छंदातली सर्वांत मोठी गोची कळते. डिटेक्टरच्या स्क्रीनवर आकडा येतो, त्यावरून धातूचा अंदाज. पण सोन्याची अंगठी आणि कोल्ड्रिंकच्या कॅनची अॅल्युमिनियमची टोपी यांचे आकडे एकाच वस्तीत राहतात. टोपीचा आकडा ‘कचरा’ म्हणून बंद केलात की अंगठीही बंद. म्हणजे सोनं हवं तर प्रत्येक टोपी उकरायची. पहिल्या दिवशी आमचा हिशोब: १९ टोप्या, एक मासेमारीचं शिशाचं वजन, गंजून फुगलेली दोन पेन्सची नाणी आणि एक गोल पौंड. पेन्सची नाणी १९९२ पासून तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची आहेत, समुद्रात बिस्किटासारखी सुटतात. गोल पौंड मात्र चकचकीत निघाला. तो ऑक्टोबर २०१७ मध्ये व्यवहारातून बाद झालाय, तरी त्या पौंडाने आम्हाला उगाच श्रीमंत वाटलं.

एक गोष्ट मी तेव्हाच वाचून ठेवली होती, आपल्या बायकांसाठी महत्त्वाची. अंगठी ही बंद कडी, त्यामुळे तिच्यात प्रवाह छान फिरतो आणि सिग्नल ठणठणीत येतो. बारीक साखळीचं तसं नाही; यंत्राला ती एक वस्तू न दिसता सुट्या चिमुकल्या कड्या दिसतात, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. मंगळसूत्र पाण्यात पडलं तर पोत नाही, सापडल्याच तर वाट्या सापडतील. समुद्रात जाताना हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवा, सासूबाई काहीही म्हणोत.

दुसऱ्या आठवड्यात उधाणाची ओहोटी होती, पहाटेची. आता तीच जागा घोट्याभर पाण्यात. आठवडाभरात अंगठी वाहून गेली असेल का? मित्राची रात्रीची झोप याच प्रश्नाने गेली होती. पण सोनं वाळूच्या दाण्यापेक्षा सहा-सात पट जड. लाटा वाळू हलवतात, अंगठी तिथेच खाली खाली बसत जाते, घट्ट थर लागेपर्यंत. ती हरवत नाही, पुरली जाते. वादळ आलं आणि वर अर्धा मीटर वाळू चढली तर यंत्राच्या आवाक्याबाहेर, तोवर आशा.

सव्वासहाला वहिनी थर्मास घेऊन आल्या. चहा ओतला, आणि म्हणाल्या, “भाऊजी, जरा मला द्या बघू. तुम्ही दोघं फार भरभर चालता.” त्या टेस्टर आहेत, बग शोधायचा तर एकच स्क्रीन शंभरदा बघायची सवय. आम्ही तपासून सोडलेल्या चौकटीच्या कडेनेच त्यांनी सुरुवात केली. आठ-दहा मिनिटांनी थांबल्या. पुढे, मागे, आडवं, उभं, चारही बाजूंनी तोच सूर. मित्र म्हणाला, “टोपी असेल गं.” त्या काही न बोलता बाजूला झाल्या आणि त्याच्या हातात स्कूप दिला. दुसऱ्या उपशाला चाळणीत काळ्या शिंपल्यांमध्ये ती होती. सोन्याचं एक बरं असतं, ते समुद्रात जसं गेलं तसंच परत येतं. चांदी काळी पडते, तांबं हिरवं. ही नुसती ओली होती. मित्राने ती बोटात घातली नाही, वहिनींच्या हातात ठेवली. त्यांनी ती थर्मासच्या कपात टाकली आणि झाकण घट्ट लावलं.

कायद्याचं काय?

‘सापडलं ते माझं’ हा हिशोब ब्रिटनमध्ये चालत नाही. आधी किनारा कुणाचा ते बघा. भरती आणि ओहोटीच्या रेषांमधली पट्टी जिथे क्राउन इस्टेटची आहे तिथे छंद म्हणून डिटेक्टिंगला मुभा आहे. कायम पाण्याखाली असणाऱ्या समुद्रतळाला ती लागू नाही. अनेक किनारे स्थानिक कौन्सिलच्या ताब्यात असतात, त्यांचे नियम वेगळे, म्हणून आधी विचारायचं. आम्ही विचारूनच उतरलो होतो. बोर्नमथवरून पश्चिमेला पाहिलं की दिसणारा स्टडलंडचा देखणा किनारा नॅशनल ट्रस्टचा, तिथे डिटेक्टर काढायचा नाही. त्याला दुसरंही कारण आहे. एप्रिल १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या हल्ल्याची रंगीत तालीम याच उपसागरात झाली, खऱ्या दारूगोळ्यानिशी. तरंगणारे रणगाडे बुडाले, सहा सैनिक गेले. ते रणगाडे अजून तळाशी आहेत. या अख्ख्या किनाऱ्यावर कुठेही बॉम्बसारखं काही दिसलं तर हात लावायचा नाही, लांब जायचं, ९९९ फिरवून कोस्टगार्ड मागायचं.

तीनशे वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची वस्तू सापडली (सुटं एखादं नाणं सोडून), तर १९९६ च्या ट्रेझर अॅक्टप्रमाणे १४ दिवसांत कळवावं लागतं. फुटलेल्या जहाजातलं काही असेल तर २८ दिवसांत ‘रिसीव्हर ऑफ रेक’ या अधिकाऱ्याला. आणि आजकालची अंगठी सापडली तर मालकाचा शोध घेणं तुमचं काम. न घेता खिशात टाकली तर ती चोरी. आतल्या बाजूला बघा, नाव-तारीख कोरलेली असते.

आपल्याकडे येऊन जुहूला हे करावं म्हणत असाल तर जरा थांबा. भारतात १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह अॅक्ट आहे: जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. दहा रुपये, हो, रकमेत बदल नाही! जुन्या किल्ल्यांच्या, संरक्षित वास्तूंच्या आसपास तर यंत्र काढूच नका. बाकी हे काम आपल्याला नवं नाही. सराफ कट्ट्याची माती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी पिढ्यान् पिढ्या हेच करत आले, विनाबॅटरी. आणि घाटावर दोरीला लोहचुंबक बांधून नदीतली नाणी काढणारी पोरं पाहिली असतीलच.

परत आल्यावरचं काम विसरू नका. यंत्र, स्कूप, हेडफोनचे जोड, सगळं गोड्या पाण्याखाली नीट धुवायचं, मीठ वाळायच्या आत. बॅटरीच्या झाकणाची रबरी रिंग पुसून तिच्यावर सिलिकॉन ग्रीसचा हात. उन्हात बंद गाडीत यंत्र ठेवायचं नाही. आम्ही हे सगळं भाड्याच्या फ्लॅटच्या बाथटबमध्ये केलं. नंतर दोन दिवस पाणी तुंबत होतं, आणि घरमालकीणबाईंनी नळीतून वाळू काढताना विचारलं की तुम्ही लोक नक्की कुठल्या कंपनीत काम करता.